आत्मघाती पिशवीचा लौकिक

पाटस स्टेशनातली 3 मीटर रुंदीची एखादी खोली म्हणजे एका चेतापेशीचं मुख्य शरीर, असं घटकाभर धरून चला. कमरेच्या मणक्यातून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तिचा अक्षतंतू मग केवढा होईल? पेशीचं शरीर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं, तंतू मीटरभर, म्हणजे 20,000 पट. हिशेब केला तर 60 किलोमीटर येतात. खोली पाटसला आणि तंतूचं टोक थेट पुण्यात! जाडी मात्र हातभरसुद्धा नाही. असली ही नळी, आणि तिच्यात दिवसरात्र माल बनतो, वापरला जातो, झिजतो, मोडतो.

मोडलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न कातडीच्या पेशीला फारसा छळत नाही. तिचं आयुष्य काही आठवड्यांचं. जुनी गळून पडते, खालून नवी येते. चेतापेशीला ती सोय नाही. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आपल्याबरोबर जन्मतात आणि आपल्याबरोबरच जातात. घर पाडून नवं बांधता येत नाही, राहत्या घरातच रोज झाडलोट आणि डागडुजी करावी लागते. ही झाडलोट पेशी कशी करते, हे कळायला माणसाला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध सगळाच्या सगळा लागला. त्यातला बराचसा काळ गेला तो झाडूवाल्यालाच खुनी समजण्यात.

आपल्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत लयकारिका, म्हणजे लायसोसोम, शिकवताना एक शब्दप्रयोग येतो: ‘आत्मघाती पिशव्या’. पेशी खराब झाली की या पिशव्या फुटतात आणि आतले पाचक रस पेशीलाच खाऊन टाकतात, असं त्याचं स्पष्टीकरण. पोरांना हा शब्द वर्गातून बाहेर पडल्यावरही आठवतो, कारण त्यात नाट्य आहे. त्याच्या पुढंमागं उपासमारीच्या काळात पेशीतला साठा पचवण्याचंही एक वाक्य असतं. ते कुणाला आठवत नाही. या लेखाची सगळी गोष्ट त्या न आठवणाऱ्या वाक्याची आहे.

गोष्टीची सुरुवात 1930 च्या दशकात न्यूयॉर्कला करावी लागते. तोवर शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की शरीर म्हणजे इंजिन आणि अन्न म्हणजे कोळसा. इंजिनाचे लोखंडी भाग तसेच राहतात, कोळसा जळून जातो. हिटलरच्या जर्मनीतून 1933 साली बाहेर पडलेले रुडॉल्फ शोनहायमर कोलंबिया विद्यापीठात आले. तिथं हॅरॉल्ड युरी यांच्यामुळं जड नायट्रोजन हाताशी होता. शोनहायमरनी त्या नायट्रोजनाची खूण केलेली अमिनो आम्लं उंदरांना खाऊ घातली. कल्पना अशी होती, की वाढ पूर्ण झालेल्या जनावरात तो नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडेल. निम्म्याहून अधिक नायट्रोजन शरीराच्या प्रथिनांतच जाऊन बसलेला सापडला. उंदराचं वजन मात्र वाढलं नव्हतं. म्हणजे नवा माल आत जात होता तेवढाच जुना मोडून निघत होता. इंजिन चालता चालता स्वतःचेच भाग वितळवून नवे ओतत होतं. शोनहायमरनी 1941 साली आत्महत्या केली. त्यांचं या विषयावरचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. शरीर स्वतःला सतत मोडतं आणि घडवतं, एवढं आता कळलं. मोडतं कुठं आणि कशानं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याचं उत्तर एका फ्रीजमध्ये सापडलं. 1949 चा डिसेंबर, बेल्जियममधलं ल्यूव्हेन. ख्रिश्चन द ड्यूव्ह हे तिथले तरुण डॉक्टर-संशोधक इन्सुलिन यकृतावर कसं काम करतं याच्या मागं होते. त्यासाठी उंदराचं यकृत हलक्या हातानं वाटायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्याचे थर वेगळे करायचे आणि प्रत्येक थरात कोणतं विकर, म्हणजे एन्झाइम, किती आहे ते मोजायचं, असा रोजचा क्रम. सोबत ताडून पाहायला म्हणून अ‍ॅसिड फॉस्फटेज नावाचं एक विकरही मोजत. एके दिवशी त्याचा आकडा अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा आला. चूक झाली असेल म्हणून नमुने फ्रीजमध्ये ठेवले. पाच दिवसांनी तेच नमुने पुन्हा मोजले, तर आकडा चढून अपेक्षेइतका झालेला!

एखाद्यानं दुसरा आकडा वहीत लिहून पहिला खोडला असता. द ड्यूव्हनी खोडला नाही. विकर पहिल्या दिवशीही तितकंच होतं; ते कशाच्या तरी आत बंद होतं, आणि पाच दिवसांत ते आवरण फाटून बाहेर आलं होतं. पेशीत काहीतरी पिशवीसारखं आहे आणि त्यात हे तिखट रस कोंडून ठेवलेले आहेत, असा अर्थ निघाला. पुढं आणखी विकरं त्याच पिशवीत सापडत गेली, सगळीच मोडतोड करणारी, आणि सगळीच आंबट माध्यमात काम करणारी. 1955 साली द ड्यूव्हनी त्या पिशवीचं नाव ठेवलं लायसोसोम. त्याच वर्षी अमेरिकेतून आलेले अ‍ॅलेक्स नोव्हिकॉफ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रं काढली. कुणीही डोळ्यांनी पाहण्याआधी, केवळ एका न जुळणाऱ्या आकड्यावरून ठरवलेलं हे अंगक. विज्ञानाच्या इतिहासात असं फार वेळा घडलेलं नाही.

‘आत्मघाती पिशवी’ ही कल्पनाही द ड्यूव्ह यांचीच. रसांनी भरलेली पिशवी पाहून कुणाच्याही मनात पहिला विचार तोच येणार. पण ते तिथं थांबले नाहीत. 1957 पासून सूक्ष्मदर्शकातून दुसरंच काही दिसू लागलं होतं. उंदराच्या मूत्रपिंडात, ग्लुकागॉन दिलेल्या यकृतात पेशीच्या आत पडद्यानं गुंडाळलेली गाठोडी दिसत, आणि गाठोड्यात काय, तर पेशीच्याच तंतुकणिकांचे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचे, तुकडे. म्हणजे बाहेरचं काही आलेलं नाही; पेशीनंच आपल्या घरातलं सामान बांधून पिशवीकडं पाठवलेलं. फेब्रुवारी 1963 मध्ये लंडनला सीबा फाउंडेशनची परिषद भरली, तिथं द ड्यूव्हनी या प्रकाराला नाव दिलं ऑटोफॅजी, आपल्याकडं स्वभक्षण.

हे नावही दुर्दैवीच. ऐकणाऱ्याला वाटतं पेशीला काही वेड लागलंय. आमच्या दौंड तालुक्यातल्या कुणालाही ही गोष्ट समजावायची तर मी गुऱ्हाळाकडं बोट दाखवीन. ऊस चरकात जातो, रस काहिलीत येतो. काहिलीखालच्या चुलवाणात जळतं काय? रस निघून गेलेल्या त्याच उसाचं चिपाड, वाळवलेलं. बाहेरून सरपण आणावं लागत नाही. गुळव्या काहिलीवर उभा असतो, त्याचं सगळ्यांना कौतुक. चुलवाणाशी वाकून चिपाड सारणाऱ्या जळव्याकडं कुणी बघत नाही, पण तो थांबला की गूळ थांबतो. पेशीतला जळव्या म्हणजे हे स्वभक्षण. तुटलेल्या प्रथिनातून अमिनो आम्लं सुटतात, ती नव्या प्रथिनाला लागतात, आणि अगदीच टंचाई आली तर ऊर्जेलाही.

द ड्यूव्ह, अल्बेर क्लोद आणि जॉर्ज पालादे यांना 1974 साली नोबेल मिळालं. आणि मग विषय जवळजवळ झोपला. पुढची पंधरा वर्षं लोक सूक्ष्मदर्शकात गाठोडी पाहत, वर्णन लिहीत आणि थांबत. गाठोडं कोणत्या जनुकांमुळं बांधलं जातं ते कळल्याशिवाय ते बंद पाडता येत नव्हतं, आणि बंद पाडल्याशिवाय त्याचा उपयोग काय ते कळणार नव्हतं. त्यातच मरणाऱ्या पेशींत ही गाठोडी खच्चून दिसत. प्रत्येक मयतीला दिसणारा माणूसच मारेकरी असावा, असा तर्क कुणीही करील. शास्त्रज्ञांनीही केला. तो बिचारा मदतीला धावलेला शेजारी असू शकतो, हे सिद्ध करायला हाती काही नव्हतं.

द ड्यूव्ह यांच्या नोबेलच्या थोडं आधी, लायसोसोमचं नावही न घेता, मुंबईत एका वेगळ्या टोकानं या गोष्टीला हात लागला होता. जे. जे. रुग्णालयात नोशीर वाडिया हे चेताविकारतज्ज्ञ होते, जन्म 1925 चा, सुरतचा. चालताना तोल जाणारे, बोलताना अडखळणारे रुग्ण त्यांच्याकडं येत. घराण्यात बापाला तेच, आज्याला तेच. असे आजार तेव्हा एकाच मोठ्या नावाखाली टाकून देत. वाडियांनी रुग्णांचे डोळे पाहिले. निरोगी माणसाला ‘डावीकडं बघ’ म्हटलं की नजर झपकन उडी मारते. या रुग्णांची नजर सरपटत जायची. पाय लटपटतात हे नातेवाइकांनाही दिसत होतं. डोळे आळसावलेत हे दिसायला वाडिया लागले. आर. के. स्वामी यांच्याबरोबर त्यांनी नऊ कुटुंबांचा अभ्यास करून 1971 साली ‘ब्रेन’ या इंग्लंडातल्या नियतकालिकात निबंध छापला आणि हा एक स्वतंत्र आनुवंशिक आजार आहे असं मांडलं.

पंचवीस वर्षांनी, 1996 मध्ये, तीन वेगवेगळ्या गटांनी या आजाराचं जनुक शोधलं. आजाराला आता एससीए-2 म्हणतात, प्रथिनाला अटॅक्सिन-2. दोष असा, की या प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची एक साखळी असते, बहुतेकांत 22 कड्यांची. ती 33 च्या पुढं गेली की आजार. हंटिंग्टनच्या आजारातही वेगळ्या प्रथिनात नेमकी अशीच लांबलेली साखळी असते. लांब शेपूट असलेली ही प्रथिनं नीट घडी घालत नाहीत, एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात. हेच अल्झायमरमध्ये, पार्किन्सनमध्ये, वेगवेगळ्या प्रथिनांचं. आलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली आपल्या रुग्ण बाईंच्या मेंदूत गुंते पाहिले, फ्रिट्झ लेवी यांनी 1912 साली पार्किन्सनच्या रुग्णांत गोळे पाहिले. शंभर वर्षं लोक त्या कचऱ्याचं वर्णन करत होते. कचरा उचलणारा का आला नाही, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

आता जपानला जाऊ. योशिनोरी ओसुमी यांनी 1988 साली टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली तेव्हा ते 43 वर्षांचे होते. जपानच्या हिशेबानं उशीरच. विषय निवडला यीस्टची रिक्तिका, म्हणजे यीस्टची कचराकुंडी. त्या विषयात गर्दी नव्हती, आणि आपल्याला स्पर्धा जमत नाही असं ते स्वतःच सांगत. यीस्ट म्हणजे तेच, पावाचं आणि दारूचं. पुणे-दौंड मार्गावरच्या मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे; साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल करण्याचं तंत्र तिथं अभ्यासलं जातं, आणि त्यात राबणारा जीव हाच. आपल्या भागात यीस्टचा मेंदूशी संबंध कुणी जोडणार नाही.

ओसुमींची युक्ती साधी होती. रिक्तिकेत पाचक विकरं नसलेले यीस्ट त्यांनी घेतले आणि त्यांना उपाशी ठेवलं. त्यांचा विचार असा: उपाशी पेशी आपलं सामान कुंडीत टाकत असेल, तर ते तिथं पचणार नाही, साचून राहील, साचलं की दिसेल. नाल्याचं तोंड बांधलं की वरून काय वाहत येतं ते कळतं, तसंच. काही तासांत रिक्तिका छोट्या गोल थेंबांनी भरून गेली, आणि ते थेंब आत थरथरत होते. यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचीही गरज पडली नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसलं. ओसुमी तासन्‌तास ते बघत बसले, असं त्यांनी पुढं सांगितलं आहे. मग त्यांच्या प्रयोगशाळेनं हजारो बदललेले यीस्ट चाळून पाहिले: कुणात हे थेंब साचत नाहीत? 1993 साली मिकी त्सुकादा आणि ओसुमी यांनी स्वभक्षणाला लागणाऱ्या 15 जनुकांची यादी दिली. 30 वर्षं नुसती पाहिलेली गोष्ट आता बंद पाडता येणार होती. आणि ही जनुकं यीस्टपुरती नव्हती. त्यांची भावंडं उंदरात निघाली, माणसात निघाली.

या इतिहासात दुसराही एक फ्रीज आहे. ईस्टर बेटावरून 1964 साली आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून कॅनडात माँट्रियलला एक द्रव्य वेगळं केलं गेलं, रापामायसिन. त्यावर काम करणारे सुरेन सेहगल मूळचे पंजाबातल्या खुशाबचे, फाळणीत गाव सुटलेले. कंपनीनं 1983 साली माँट्रियलची प्रयोगशाळा बंद करून सगळं अमेरिकेला हलवायचं ठरवलं, कामही थांबवलं. सेहगल यांनी जिवाणूच्या कुप्या घरी नेल्या आणि ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून आइस्क्रीमशेजारी ठेवल्या. त्या वाचल्या म्हणून पुढं रापामायसिन औषध झालं. 1999 पासून ते मूत्रपिंडाचं रोपण झालेल्यांना मिळतं. पेशीत ‘खायला भरपूर आहे, मोडतोड थांबवा’ असा हुकूम देणारं एक प्रथिन असतं, त्याला टॉर म्हणतात. रापामायसिन त्या टॉरचं तोंड दाबतं, आणि चुलवाण पेटतं. केंब्रिजमध्ये डेव्हिड रुबिनस्टाइन यांच्या गटानं 2004 साली हंटिंग्टनचा दोष घातलेल्या माश्यांना रापामायसिन आणि उंदरांना त्याच घराण्यातलं एक द्रव्य दिलं. माश्यांच्या चेतापेशींचा ऱ्हास कमी झाला, उंदरांच्या हालचाली सुधारल्या.

तरी एक शंका उरत होतीच. औषधानं दहा गोष्टी बदलतात. स्वभक्षण एकटंच काढून घेतलं तर? 15 जून 2006 च्या ‘नेचर’मध्ये दोन निबंध शेजारीशेजारी छापून आले, नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाचा आणि मासाकी कोमात्सू यांच्या गटाचा. दोघांनी उंदराच्या फक्त चेतासंस्थेत, यीस्टमध्ये सापडलेल्या जनुकांपैकी एकेक जनुक काढून टाकलं. एकानं पाचवं, दुसऱ्यानं सातवं. त्या उंदरांना कोणतंही विषारी प्रथिन दिलेलं नव्हतं, अल्झायमर नाही, हंटिंग्टन नाही. चेतापेशी बाकी सर्व दृष्टींनी धडधाकट होत्या, फक्त त्यांचा जळव्या रजेवर पाठवलेला. उंदीर जन्मले ते ठीक दिसत होते. काही आठवड्यांतच चालीत बिघाड सुरू झाला. शेपटीला धरून उचललं की निरोगी उंदीर पाय फाकवतो. हे पाय आवळून घेऊ लागले. मेंदूत गोळे साचले, चेतापेशी मरू लागल्या. सातवं जनुक नसलेले उंदीर 28 आठवड्यांत गेले.

एवढ्यावर खटल्याचा निकाल लागला, असं माझं मत. मयतीला दिसणारा माणूस मारेकरी नव्हता. तो न आल्यानं माणसं मेली. 1963 पासून 2006 पर्यंत 43 वर्षं.

त्याच 2006 साली पुण्यात आयसर ही संस्था सुरू झाली, पुढं तिचा परिसर पाषाणला उभा राहिला. तिथं गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीवर एएलएस या आजाराचं काम होतं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून निकामी करणारा तो आजार. त्याच्या एका आनुवंशिक प्रकारात व्हॅप नावाच्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलतं आणि गोळे बनतात. पुण्यातल्या गटानं 2019 साली दाखवलं ते थोडं अनपेक्षित आहे: पेशीतला ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला की माशीच्या मेंदूतले हे गोळे कमी होतात. टॉरचा जोर कमी केला तरी कमी होतात. आणि हे काम लयकारिकेचं नसून प्रोटिएसोम या दुसऱ्याच यंत्राचं होतं. ते गाठोडी बांधत नाही, एकेक प्रथिन चरकात घालतं. सगळं श्रेय स्वभक्षणाला देऊन मोकळं होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. शिवाजीनगरजवळच्या आघारकर संशोधन संस्थेतही फळमाशीच्याच पेशींत स्वभक्षणाचा अभ्यास चालतो. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानं 1946 साली ती ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ म्हणून सुरू झाली, 1992 पासून त्यांच्या नावानं ओळखली जाते.

पण पाटसची खोली आणि पुण्याचं टोक, ते अजून राहिलंच. लयकारिका बहुतांशी खोलीत, म्हणजे पेशीच्या शरीरात असतात. कचरा होतो 60 किलोमीटरवर. पीटर हॉलेनबेक यांनी 1993 साली अमेरिकेत दाखवलं की तंतूच्या टोकाकडून गाठोडी शरीराकडं येतात. एरिका होल्झबाउर यांच्या गटानं 2012 साली जिवंत चेतापेशींत त्यांचा प्रवास चित्रित केला. गाठोडं बांधलं जातं दूरच्या टोकाला, मग ते रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून मागं फिरतं, वाटेत लयकारिका त्याला येऊन मिळतात, रस आंबट होत जातो आणि शरीराशी पोचेपर्यंत बरंचसं पचून गेलेलं असतं. वेग सेकंदाला साधारण अर्धा मायक्रोमीटर. न थांबता चाललं तरी मीटरभराला 23 दिवस. तुकोबांची पालखी पुणं सोडून लोणी, यवत, वरवंडचे मुक्काम करत चौथ्या दिवशी पाटसला येते आणि रोटी घाट चढते. तिच्याच वाटेनं, तिच्याच दिशेनं निघालेलं आपलं हे लिंबाएवढं गाठोडं पाटसला यायला एकादशीही उलटून जाईल!

ते ओढतं कोण? डायनीन नावाचं प्रथिन. बाहेर माल नेणारं कायनेसिन आडदांड. परतीचं डायनीन एकेकटं बघितलं तर अशक्त. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटानं प्रकाशाच्या चिमट्यात हे ओझं धरून त्याची ताकद मोजली. 2013 साली त्यांना दिसलं की डायनीनं एकजुटीनं ओढतात. जड नांगराला सहा-आठ बैल जुंपायचे तेव्हा एका बैलाची ताकद महत्त्वाची नसायची, जोड्या एका तालात चालतात का ते महत्त्वाचं असायचं, तसं. 2016 साली त्यांनी पुढचं शोधलं: पिशवी जुनी होत जाते तशी तिच्या पडद्यावर कोलेस्टेरॉलचे ठिगळासारखे भाग तयार होतात, डायनीनं त्या ठिगळावर गोळा होतात, आणि मग पिशवी लयकारिकेकडं वेगानं निघते. हे प्रयोग पेशीनं बाहेरून गिळलेल्या कणांच्या पिशव्यांवरचे, चेतापेशीतल्या गाठोड्यांवरचे नव्हेत. ओढणारा बैल मात्र तोच.

त्याच संस्थेत संध्या कौशिका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक सूत्रकृमीत ही वाहतूक पाहतात. 302 चेतापेशींचा तो जीव, कातडीतूनच आतली रहदारी दिसते. 2010 साली त्यांच्या गटानं सांगितलं की माल घेऊन जाणाऱ्या एका मोटर-प्रथिनाची मालाशी असलेली पकड सुटली की पेशी ते मोटरच मोडून टाकते. 2018 साली त्यांनी तंतूतल्या वाहतूक कोंडीची नोंद केली: काही ठिकाणी आधीच पिशव्या थांबलेल्या असतात, मागून येणारी तिथंच अडकते, आणि मग ती मोकळी व्हायला वेळ लागतो. सोलापूर महामार्गावर पाटसच्या टोलनाक्याशी सुट्टीच्या संध्याकाळी उभं राहिलेल्या माणसाला हे चित्र काढून दाखवायची गरज नाही.

3 ऑक्टोबर 2016 ला ओसुमींना नोबेल जाहीर झालं, एकट्याला. द ड्यूव्ह 2013 साली, 95 व्या वर्षी, बेल्जियमच्या कायद्यानुसार इच्छामरण घेऊन गेले होते. आणि नोशीर वाडिया त्या नोबेलच्या काही महिने आधी, एप्रिलमध्ये गेले.

नोबेलबरोबर आपल्याकडं आणखी एक गोष्ट आली. ‘एकादशीच्या उपवासाला नोबेल’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले आणि अजून फिरतात. ओसुमींनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचा कूट यीस्टला मिळाला नव्हता. आपल्याकडं तर म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. खऱ्या उपवासाचं म्हणाल, तर मिझुशिमांनी 2004 साली उंदरांना 48 तास उपाशी ठेवून एकेक अवयव पाहिला. यकृतात, स्नायूत गाठोडी वाढली; मेंदूत वाढलेली दिसली नाहीत. 2010 साली दुसऱ्या एका गटाला उंदराच्या मेंदूत ती वाढलेली दिसली. वाद मिटलेला नाही, आणि तोही उंदरांपुरताच आहे. उपवास श्रद्धेनं करणाऱ्याला नोबेलचा दाखला लागू नये. घरात कंपवाताचा किंवा विस्मृतीचा रुग्ण असेल तर या संदेशावर विसंबून त्याला उपाशी ठेवू नका, त्याच्या गोळ्या बंद करू नका. स्वभक्षण वाढवून माणसातला असा एखादा आजार बरा करणारं औषध आजघडीला बाजारात नाही.

आणि आपल्या पाटस-दौंडकडच्या विज्ञानाच्या सरांना-बाईंना एक विनंती. पेशीचा धडा आला की पोरांना ‘आत्मघाती पिशव्या’ खुशाल सांगा, त्यांना ते आवडतं. पण त्या दिवशी शक्य असेल तर त्यांना जवळच्या गुऱ्हाळावर न्या आणि पाच मिनिटं जळव्याजवळ उभं करा.